वाचकांचे प्रश्न : चाळीतला कांदा श्वास घेतो का?

प्रश्न : चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात) भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत वजनात बराच घटतो. सडका माल बाजूला काढून मोजलं तरी हिशेब जुळत नाही. मुलगी म्हणते, कांदा श्वास घेतो म्हणून घटतो. नाक नाही, फुप्फुस नाही, मग श्वास कसला?
(एक शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय, फक्त एक शब्द बदलायला हवा. हवा आत घेणं आणि बाहेर टाकणं म्हणजे श्वासोच्छ्वास. तो कांदा करत नाही. पेशीच्या आत ऑक्सिजन वापरून साखर मोडायची आणि त्यातून ऊर्जा काढायची, हे श्वसन. ते कांदा रात्रंदिवस करतो, पात कापल्यावरही करतो, कारण तो जिवंत आहे. माणसाचं नाक, फुप्फुस, रक्त ही सगळी ऑक्सिजन पोचवायची वाट. खरं काम चालतं पेशीतल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नावाच्या बारीक भागांमध्ये, आणि त्या कांद्यातही आहेत.

हिशेब असा आहे : १८० ग्रॅम ग्लुकोज मोडायला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्यातून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १०८ ग्रॅम पाणी बाहेर पडतं. म्हणजे कांद्यात साठलेली साखर खरोखरच हवेत निघून जाते. निघालेल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून कमी पेशीच्या उपयोगी पडते, उरलेली उष्णता होते. भरलेल्या चाळीत ढिगाच्या मधोमध हात घातला की जी ऊब लागते, तिच्यात या उष्णतेचाही वाटा असतो.

तरी वजनातली सर्वांत मोठी घट साखरेची नसते, पाण्याची असते. कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी. ढीग गरम झाला की ते पाणी उडतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. गरमीने श्वसन वाढतं, श्वसनाने पुन्हा गरमी. हे चक्र तोडायचं असेल तर ढिगातून वारा खेळता हवा. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवायचा, खाली फटी सोडायच्या, थराची उंची ४ ते ५ फुटांवर जाऊ द्यायची नाही. त्याहून उंच थरात खालचा कांदा दबतो, आणि दबलेल्या, चिरडलेल्या पेशी जास्त वेगाने श्वसन करतात. सड बहुतेक तिथूनच सुरू होते.

सुकवणीत घाई केली तर चाळ कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. काढलेला कांदा ३ ते ५ दिवस शेतातच, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरायचा. मग मानेला साधारण एक इंच ठेवून पात कापायची आणि १० ते १५ दिवस सावलीत ठेवायचा. मान सुकून पिळली गेली की ते दार बंद झालं. मान अगदी मुळाशी कापली तर दार उघडंच राहतं, तिथून पाणी जातं आणि बुरशी शिरते. पावसाच्या धास्तीने चाळ प्लास्टिकने गच्च गुंडाळणं ही आणखी एक नेहमीची चूक. आतला कांदा घामेजतो, हवा कोंडते आणि आठवडाभरात वास सुटतो. प्लास्टिकचा कागद फक्त पावसाच्या बाजूला, तोही पाऊस असेपर्यंतच लावा.

मुलीला हे घरी दाखवायचं असेल तर मोड आणायला बांधलेल्या मटकीच्या पुरचुंडीत बोट घालायला सांगा. ती कोमट लागते. पुढची पायरी : पानाला लावायचा चुना अर्धा चमचा घेऊन पाव लिटर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा आणि वरची स्वच्छ निवळी हलकेच काढून घ्या. एका रुंद बरणीत मूठभर मोडाची मटकी, शेजारी लहान वाटीत निवळी ठेवून झाकण घट्ट लावा. काही तासांत निवळीवर पांढरी साय धरते. शेजारी तशीच, पण मटकी नसलेली बरणी ठेवा, म्हणजे फरक कळेल. निवळीत नळीने फुंकलं तर तीही दुधाळ होते. फुंकायची मात्र मोठ्यांनी, ओढायची कुणीच नाही, आणि थेंब डोळ्यात जाऊ द्यायचा नाही.

प्रश्न : शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत. दोन-तीन दिवस आभाळ राहिलं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. एकदा तर बरेच मेले. पाणी हिरवंगार आहे, खाद्य वेळेवर असतं.
(एक वाचक, बारामती)

उत्तर : पाणी हिरवंगार आहे, हीच अडचण. एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ ते ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात मात्र लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर मासा जगतो, कारण त्याच्या कल्ल्यांत पाणी एका दिशेने आणि रक्त त्याच्या उलट दिशेने वाहतं. त्यामुळे पाण्यातला बराचसा ऑक्सिजन त्याला टिपता येतो.

हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण श्वसन ते चोवीस तास करतं. रात्री मासे, शेवाळ, तळाचा गाळ आणि उरलेलं खाद्य कुजवणारे जिवाणू सगळे एकाच साठ्यावर तुटून पडतात. सूर्योदयाच्या आधी साठा सर्वांत कमी असतो. आभाळ असलं की दिवसाची भर पडत नाही, खर्च मात्र चालूच. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तोवर काळजी नाही, ३ च्या खाली मासे खाणं सोडतात, १ च्या आसपास मरायला लागतात.

मासे वर दिसले की लगेच पंप लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. पाणी जितकं फुटेल तितकं चांगलं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडायचं असेल तर तेही उंचावरून आपटवून सोडा, कारण जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. त्या दिवशी खाद्य बंद, शेण-खत बंद. वर येणं थांबलं तरी ऊन पडेपर्यंत पंप बंद करू नका.

पुढच्या वेळेसाठी हाताची खूण लक्षात ठेवा. दुपारी तळ्यात हात सरळ कोपरापर्यंत बुडवा. मनगट बुडता बुडताच तळहात दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय, खाद्य आणि खत कमी करा. कोपरापर्यंत बुडवल्यावर तळहात अंधूक दिसत असेल तर ठीक आहे. मरळ आणि मागूर अशा पाण्यातही तग धरतात, कारण त्यांना थेट हवेतूनही ऑक्सिजन घेता येतो. रोहूला ते जमत नाही. आणि हवेत एवढा ऑक्सिजन असूनही रोहू काठावर मरतो, कारण पाण्याबाहेर त्याच्या कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि सुकतात.

प्रश्न : काळ्या रानात सोयाबीनमध्ये तीन दिवस पाणी साचलं आणि पीक पिवळं पडलं. युरिया द्यावा का?
(एक वाचक, वाशीम)

उत्तर : आधी पाणी काढा. आपल्याकडे ‘वाफसा’ हा फार नेमका शब्द आहे : मातीत ओल आहे आणि हवाही आहे अशी स्थिती. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो. त्यामुळे मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचं श्वसन अडतं. ऊर्जा नाही म्हणजे मूळ अन्नद्रव्य ओढू शकत नाही, आणि पाण्यात उभं असूनही झाड कोमेजतं. अशा मुळाला युरिया टाकून उपयोग नाही. साचलेल्या पाण्यात तो बराचसा वायाच जातो.

चर काढून पाणी बाहेर जाऊ द्या, वाफसा आला की हलकी डवरणी करा. मग चार-सहा झाडं उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडून पाहा. या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ जिवंत आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा, ऑक्सिजन मोजून-मापून पुरवणारा. आत हिरवट किंवा तपकिरी निघालं तर त्या गाठीचं काम संपलं. बहुतेक गाठी गुलाबी असतील तर पीक स्वतःच सावरतं.

भात पाण्यात तगतो, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. कोकणच्या खाडीतलं तिवर चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर काढतं. घरातली कुंडी मेली तर ती पाणी कमी पडून मेली असं धरून चालू नका. तळाचं भोक बुजलंय का ते आधी बघा.

प्रश्न : पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, बाकीच्या झाडांखाली रात्री झोपू नये, हे खरं का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही नाही. ऑक्सिजन सुटतो तो प्रकाशात पाणी मोडल्यावर. अंधारात कोणतंच झाड तो देत नाही, पिंपळही नाही.

ही समजूत बहुधा दुसऱ्या एका खऱ्या गोष्टीतून आली असावी. निवडुंग, अननस, पानफुटी, कोरफड या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रं दिवसा मिटतात आणि रात्री उघडतात. रात्री त्या कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं होतं. त्याचं ते निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. तुम्ही पान चावू नका, त्यात विषारी द्रव्यं असतात. सकाळी आणि दुपारी पानाचा रस आम्लता दाखवणाऱ्या कागदावर लावा, फरक दिसेल.

झाडाखाली झोपण्याबद्दल : स्वस्थ पडलेला माणूस तासाला १२ ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोलीतल्या दोन-चार कुंड्यांचा वाटा शेजारी झोपलेल्या माणसापेक्षा कितीतरी कमी, आणि मोकळ्या हवेत तर तो लगेच विरून जातो. झाडाखाली साप-विंचवाला आणि वाळक्या फांदीला जपा.

प्रश्न : झुरळाचं डोकं तुटलं तरी ते कित्येक दिवस जगतं. श्वास कुठून घेतं?
(एक विद्यार्थी, सातारा)

उत्तर : कुशीतून. झुरळाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रांच्या १० जोड्या असतात. तिथून निघालेल्या बारीक नळ्या हवा थेट पेशींपर्यंत नेतात, रक्ताचा त्यात हात नाही. डासाची अळीही हवाच घेते. क्युलेक्स आणि एडिस जातींच्या अळ्या शेपटाकडची नळी पाण्यावर काढून उलट्या लोंबकळतात, म्हणून डबक्यावर तेलाचा पातळ थर दिला की त्या गुदमरतात. पिण्याच्या पाण्यावर हा उपाय कधीच करू नका.

प्रश्न : विहिरीत बुडी मारण्याआधी पोरं वीस-तीस वेळा जोरजोरात श्वास घेतात. त्याने जास्त वेळ खाली राहता येतं म्हणे.
(एक पालक, जुन्नर)

उत्तर : त्यांना आजच थांबवा. खाली जास्त वेळ राहता येतं हे खरं, आणि त्यातच धोका आहे. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९५ टक्क्यांहून जास्त भरलेला असतो. जोरात श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि ‘आता श्वास घे’ ही तळमळ मेंदूच्या तळाशी लंबमज्जेत उठते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो घालवला की इशाराच जातो. ऑक्सिजन संपत येतो, मुलाला मात्र बरं वाटत असतं, आणि शुद्ध हरपते. वर येताना पाण्याचा दाब उतरतो तसा फुप्फुसातला ऑक्सिजन आणखी अपुरा पडतो, म्हणून पुष्कळदा हे पृष्ठभागाजवळ घडतं. हातपाय मारणं नाही, ओरडणं नाही.

बुडीआधी नेहमीसारखे दोन-तीन श्वास पुरे. पैज लावून बुडी नको, एकट्याने नको, आणि काठावर एकजण फक्त लक्ष ठेवायला हवा.

प्रश्न : हळदीचं पेव (जमिनीखालचं कोठार) उघडल्यावर आधी कंदील सोडायचे. पेटता राहिला तर उतरायचे. हीच परीक्षा बायोगॅसच्या टाकीला चालेल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : चालणार नाही. बायोगॅसपाशी ज्योत नेली तर स्फोट होईल.

हरिपूरसारख्या ठिकाणच्या पेवात कंदिलाला अर्थ होता. बंद पेवात हळद, बुरशी आणि किडे ऑक्सिजन वापरतात, आणि हवेच्या दीडपट जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो. ऑक्सिजन २१ वरून १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. पण सेप्टिक टाकीत आणि गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो ज्योतीला कळत नाही. प्रमाण वाढलं की कुजक्या अंड्यांचा वासही येईनासा होतो, कारण नाकच बधिर होतं.

जिथे ऑक्सिजन नाहीच तिथे घेतलेला श्वास रोखलेल्या श्वासापेक्षा वाईट, कारण फुप्फुसात रक्तातला ऑक्सिजन उलटा बाहेर जातो. काही श्वासांतच माणूस कोसळतो. म्हणूनच वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही जातो. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. सुरक्षासाधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

कुणी आत पडलाच तर उतरू नका. झाकणं उघडा, ठिणगी न पाडता ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून बाहेरची ताजी हवा ढकलत राहा, १०१ किंवा ११२ ला फोन करा. माणसाला शुद्ध असेल तर दोर सोडा. बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने दाब द्या, ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास. आपल्या उच्छ्वासात अजून १६ टक्के ऑक्सिजन असतो, तो पुरतो. टाकी गटाराची किंवा सेप्टिक असेल तर मात्र तोंड लावू नका, मदत येईपर्यंत नुसती छाती दाबत राहा.