गेम बदलला की प्रेक्षक पांगतात

प्रश्न : मी बावीस वर्षांचा असून दीड वर्षापासून यूट्यूबवर मराठीतून गेम खेळत लाइव्ह स्ट्रीम करतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा मोबाइलवरचा लढाईचा गेम) लावला की एका वेळी चाळीस-पन्नास जण पाहत असतात. मात्र भुताटकीचा, कोड्यांचा किंवा शेतीचा गेम सुरू केला की आकडा सात-आठवर येतो. एकाच गेमचा मला कंटाळा आला आहे. निरनिराळे गेम खेळूनही प्रेक्षक वाढवता येतात का? सोबत तीन रेकॉर्डिंग पाठवत आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वाढवता येतात, पण वेळ बराच लागतो आणि मध्यंतरी आकडा घसरतो, हे धरूनच चालावे. ते चाळीस-पन्नास जण बीजीएमआय पाहायला येतात आणि तुमच्याकडे कंटाळले तर त्याच गेमच्या दुसऱ्या चॅनेलवर जातात. कोड्यांच्या गेमलाही टिकून राहणारे सात-आठ जण मात्र तुमच्यासाठी येतात, तेव्हा हिशेब त्यांच्यापासून मांडावा.

कंटाळा हे एकच कारण असते, तर मी थोडे थांबा म्हटले असते. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी आलेला बीजीएमआय पुढच्याच जुलैत ॲप स्टोअरमधून काढला गेला तो मे २०२३ मध्ये परतला, आणि मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फ्री फायर या तशाच गेमवरही बंदी आली. ज्यांचे सारे चॅनेल एकाच गेमवर उभे होते, त्यांच्या पायाखालची जमीन एका आदेशाने सरकली. त्यामुळे तुमचा विचार योग्यच आहे.

तुमची तिन्ही रेकॉर्डिंग मी पाहिली. बीजीएमआयच्या स्ट्रीममध्ये तुम्ही पहिल्या मिनिटापासून बोलता, कारण तो गेम तुमच्या हातात बसलेला आहे. शेतीच्या गेममध्ये पहिली अकरा मिनिटे ‘आवाज येतोय का?’ आणि सेटिंग यांतच जातात, आणि पुढे सूचना मनातल्या मनात वाचत तुम्ही गप्प बसता. नव्याने आलेला माणूस एवढी शांतता सहन करत नाही. याउलट भुताटकीच्या गेममध्ये जिन्यावर उभ्या असलेल्या भुताला तुम्ही ‘तात्या’ म्हणालात, त्या क्षणी चॅट जागे झाले. पुढचा अर्धा तास लोक ‘तात्या आले का?’ एवढेच विचारत होते. तो अर्धा तास तुम्ही पुन्हा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण गेम कोणताही असला तरी लोकांना परत आणणारी गोष्ट त्यात आहे.

म्हणून गेम बदलले तरी बाकीचे शक्य तितके बदलू नये : वार, वेळ, सुरुवातीची पद्धत, चॅटमधली नेहमीची थट्टा, थंबनेलची ठेवण. आठवड्यातून दोन दिवस बीजीएमआय चालू ठेवावा आणि शनिवारी रात्री नऊला दुसरा गेम खेळावा. तो गेमही दर शनिवारी नवा नको, एक हाती घेतलेला संपेपर्यंत तोच. गोष्ट पुढे सरकत असेल तर पुढचा शनिवार लोकांच्या लक्षात राहतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या दृष्टीने मला सोयीचा वाटतो. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा आहे, तिच्यात दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलतात, आणि आपल्या घरात ऐकलेल्या कथांवर मराठीतून बोलायला तुम्हाला पदोपदी जागा मिळते.

गेमची निवड करताना गर्दीचाही विचार करावा. ट्विच या लाइव्ह स्ट्रीमच्या साइटवर गेमच्या पानावर सामान्यतः जास्त प्रेक्षक असलेली चॅनेल वर दिसतात. साहजिकच लोकप्रिय गेममध्ये नवखा पार तळाशी राहतो. फार लहान गेममध्ये तुम्ही वर दिसाल, पण तिथे शोधायला येणारेच थोडे असतात. अर्थात लहान गेमचेही दिवस फिरतात : २०१८ मध्ये आलेला ‘अमंग अस’ दोन वर्षे फारसा कोणाला माहीत नव्हता, आणि २०२० मध्ये स्ट्रीमरनीच तो घराघरांत पोहोचवला. अशा लाटेच्या भरवशावर मात्र बसू नये.

आणखी एक. कमी प्रेक्षक आले म्हणून तुम्ही काही रेकॉर्डिंग खासगी करून ठेवली आहेत, असे चॅनेलवरून दिसते. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी यूट्यूब एक हजार सबस्क्रायबरांबरोबर बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे मागते, आणि त्यात सार्वजनिक व्हिडिओच धरले जातात. ती रेकॉर्डिंग पुन्हा खुली करावीत आणि ‘तात्या’चा चाळीस सेकंदांचा तुकडा शॉर्ट म्हणून टाकावा. पैसे लावून खेळण्याच्या ॲपची जाहिरात करण्याचा प्रस्ताव आला, तर मात्र स्वच्छ नकार द्यावा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा जाहिरातींना मनाई केली आहे.

प्रश्न : त्याच वाचकाने पुढे विचारले आहे की, मोठ्या गेममध्ये चित्र अडखळते, त्यासाठी नवा संगणक घ्यावा का?

उत्तर : आधी ओबीएस या स्ट्रीम करण्याच्या सॉफ्टवेअरच्या खालच्या पट्टीत पाहावे. तिथे नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल, तर दोष अपलोडच्या वेगाचा आहे. संगणक बदलून तो जाणार नाही. चित्राची स्पष्टता १०८० वरून ७२० वर आणावी, बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) त्या प्रमाणात कमी करावा आणि वायफायऐवजी केबल जोडावी. वाचलेल्या पैशांतून बरा माइक घ्यावा, म्हणजे ती अकरा मिनिटेही वाचतील.