आमटी अळणी की वास हरवलेला?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. हल्ली त्या प्रत्येक आमटीला अळणी म्हणतात आणि रक्तदाब असूनही वरून मीठ घेतात. परवा दूध करपले, तरी स्वयंपाकघरातच बसलेल्या त्यांना ते कळले नाही. जेवण तुटले आहे, वजनही उतरले आहे. वयाचे म्हणून सोडून द्यावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सोडून देऊ नये. (सुनेच्या हाताला चव नाही, असा निष्कर्षही काढू नये, तो घरोघरी फार लवकर निघतो.) जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्श्यासारखी भरीव, रुचकर चव) एवढेच कळते, लसणाच्या फोडणीचा किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांचा स्वाद हा घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास असतो. वास ओळखणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, परंतु उतारवयात तो वेग मंदावतो. तिखटाची जळजळ मात्र वेगळ्या मज्जातंतूने जाणवते, त्यामुळे अशी माणसे मीठ आणि तिखट वाढवत राहतात.

तरीही आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण सायनसची सूज, नाकातील कोंब, विषाणुसंसर्ग, काही औषधे आणि मिश्री यांमुळेही असे होते. क्वचित कंपवातात हात थरथरण्याच्या कितीतरी आधी वास जातो. हालचाली मंदावल्या असतील, तर तेही सांगावे.

मिठाऐवजी लिंबू, चिंच, आले यांवर भर द्यावा. वास नसला तरी कुरकुरीतपणा कळतो, म्हणून दात साथ देत असतील तर कडक भाकरी अवश्य द्यावी. शेंगाचटणीबाबत मात्र सावध राहावे : खवटपणा त्यांना समजणार नाही, तेव्हा ती थोडी थोडी करून डब्यावर तारीख लिहावी आणि वास दुसऱ्याने घ्यावा.

गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचा वास सकाळ-संध्याकाळ, लक्षपूर्वक, प्रत्येकी सुमारे २० सेकंद घेण्याचा सराव निदान १२ आठवडे करावा. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे २००९ मध्ये अभ्यासलेल्या या पद्धतीने सर्वांना नव्हे, पण काहींना निश्चित फरक पडतो.

गॅसचे काम मात्र आजच करावे. सिलिंडरमधील गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात, आणि सासूबाईंना नेमके तेच जाणवणार नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळतीसूचक यंत्र जमिनीलगत बसवावे, त्या घरी एकट्या असताना रेग्युलेटर बंद ठेवावा आणि गळतीच्या तक्रारीचा १९०६ हा क्रमांक फोनजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.