गुलाबी कूलंट असलेल्या गाडीत हिरवं टाकलं तर चालेल का?

कंपनीचं गुलाबी कूलंट कमी झालंय, दुकानात हिरवं निम्म्या किमतीत मिळतंय, टाकू का, असं तुम्ही विचारलंय. नका टाकू. आणि मुळात रंगावर जाऊच नका. रंग म्हणजे नुसता डाय, कोणी कुठला घालावा याला काही नियम नाही. टोयोटाचं गुलाबी आणि होंडाचं निळं, दोन्ही फॉस्फेटवालं ओएटी, म्हणजे गंज रोखायला सेंद्रिय आम्लं वापरणारं, एकाच कुळातलं. उलट फोक्सवॅगनचं जी-१२ इव्हो गुलाबीकडेच झुकतं, पण त्यात सिलिकेट असतं, म्हणजे कूळ वेगळं. तेव्हा ‘गुलाबीत गुलाबी चालतंय की ताई’ म्हणणारा मेकॅनिकही अंदाजपंचेच बोलतोय.

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, सोलापुरात. गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या पगारातून. तरी बॉनेट उघडलं की घरातली पुरुष मंडळी मला बाजूला सारतात. मागच्या लग्नसराईत मोठे दीर गाडी घेऊन गेले. वाटेत लेव्हल कमी दिसली म्हणून रस्त्यावरच्या गॅरेजात हिरवं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि वर बोअरचं पाणी घालून घेतलं. घरी येऊन चकार शब्द नाही. पुढे आम्ही तुळजापूरला निघालो, एसी फुल, गाडी भरलेली, आणि ऐन घाटात टेंपरेचरचा लाल दिवा. गाडी बाजूला घेतली. इंजिन गार झाल्यावर रिझर्व्ह टाकीत पाहिलं तर गुलाबीचा मातकट चहा झालेला. गाडी टो करून आणली. रेडिएटर काढला तेव्हा तळाशी बोटाला लागेल असा चिकट साका, वर पांढुरके कण. कूलंटमधलं फॉस्फेट आणि बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आल्यावर साका बसणारच, हे माझ्या बारावीच्या पोरांनाही कळतं.

भावजींचं म्हणणं अजून तेच: ‘आमच्या जीपला आयुष्यभर विहिरीचं पाणी घातलं, काय झालं?’ अहो भावजी, त्या जीपचं इंजिन बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, जाड नळ्यांचा. आत्ताच्या गाडीत हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि नळ्या अगदी बारीक. जुनं हिरवं, म्हणजे आयएटी (असेंद्रिय क्षारांनी गंज रोखणारं), सिलिकेटचा संरक्षक थर पटकन बसवतं आणि दोनेक वर्षांत संपतं. ओएटी सावकाश काम करतं, पण साधारण पाच वर्षं निभावतं. दोन्ही एकत्र केलं की जास्तीचे पैसे मोजून घेतलेली ती पाच वर्षं पाण्यात. हे मी जेवणाच्या ताटावर सांगितलं तर म्हणाले, ‘पुस्तकी आहे हे सगळं.’ फ्लशिंग, नवीन थर्मोस्टॅट आणि टोइंगचं बिल मात्र पुस्तकी नव्हतं, ते मीच भरलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मॅन्युअल उघडा, त्यात कूलंटचं स्पेसिफिकेशन दिलेलं असतं. तेच कॅनच्या मागच्या लेबलवर छापलेलं असेल तर कंपनी कुठलीही चालते. ‘सर्व गाड्यांसाठी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी घेत नाही. रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, बोअरचं नाही आणि नळाचंही नाही. निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतणारेही भेटतात. त्याने गाडी जास्त गार राहत नाही, उलट उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं. आणि गाडीत आधी काय घातलंय याची खात्री नसेल, किंवा ती कुणी मागून नेली असेल, तर टॉप-अप न करता सगळं काढून फ्लश करून घ्या.

अडीअडचणीला रस्त्यात काहीच मिळालं नाही तर डिस्टिल्ड पाणी घाला, तेही नसेल तर बाटलीबंद, आणि घरी पोचल्यावर कूलंट बदला. एवढं मी भावजींनाही मान्य करते. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. सांडलेलं लगेच धुऊन टाका, ते कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आणि लेव्हल वारंवार खाली जात असेल तर प्रश्न कुठलं कूलंट हा नाहीच, आधी गळती शोधा. आमचा एक होज क्लिप ढिला निघाला होता.