चिठ्ठी दाखवल्याशिवाय गोळी नाही

पोरी,

मोबाईलवर ‘हृदय खराब होते’ असं वाचलंस आणि ल्युपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराची, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही गोळी परस्पर बंद करायला निघालीस. वाचलंस ते खोटं नाही, अर्धवट आहे. गोळी सुटली की ल्युपस उसळतो, मग स्टेरॉइड वाढतं, त्यासोबत बीपी आणि साखर. हृदयाला तेच जास्त महाग पडतं.

आधी मात्रा बघ. वजनाच्या किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या वर नको. वजन 40 किलो असेल तर 200ची एकच गोळी. 400 म्हणजे थेट दुप्पट. कापूस वेचणीत वजन उतरतं, तेव्हा उपकेंद्रातल्या काट्यावर उभी राहा आणि आकडा तुझ्या औषधांच्या चिठ्ठीवर लिही. किडनी मंदावली तर औषध अंगात साचतं, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, तोही तिथंच लिही.

ही गोळी ईसीजीवरचा क्यूटीसी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबवू शकते. तो 500 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की ठोका भरकटण्याची भीती. एकट्या गोळीनं सहसा तिथवर जात नाही, क्यूटीसी लांबवणारी दुसरी औषधं सोबत मिळाली की जातं. खोकल्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन, लघवीच्या जळजळीला लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीला ऑन्डान्सेट्रॉन. अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये तर डोमपेरिडोन गुपचूप बसलेलं असतं! त्यात मे महिन्यात ढाळ लागले की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि ठोका भरकटायला तेही कारण होतं. ‘आज गोळी चुकवते आणि अ‍ॅझिथ्रो घेते’ हा हिशोबही करू नकोस. हे औषध बंद केल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहतं.

म्हणून चिठ्ठी दाखव. मेडिकलवाला म्हणेल, ‘काही होत नाही ताई.’ त्यालाही दाखव. सांधे धरले म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन भरणाऱ्यालाही दाखव. त्या इंजेक्शननं बीपी चढतो, किडनीवर ताण येतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते एकाएकी तोडायचं नाही, हेही ठळक लिहून ठेव.

हेकट वाटतं ना? वाटू दे. तालुक्यात तुला औषध देणारे चार जण, चौघांची एकमेकांशी गाठ नाही. त्यांच्यात बोलणारा तो एक कागद, आणि तोच तू घरी फळीवर ठेवून येतेस!

कित्येक वर्षांनी क्वचित या गोळीनं हृदयाचा स्नायूच कमजोर होतो. पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे. ही गोळी डोळ्यांच्या पडद्यालाही इजा करू शकते, म्हणून पाच वर्षांनंतर डोळ्यांची तपासणी दरवर्षी. आणि छातीत धडधड होऊन चक्कर आली, शुद्ध हरपली, तर सकाळच्या एसटीची वाट नको, 108 लावायची. घरच्यांना आजच सांगून ठेव, चिठ्ठी कुठल्या खणात आहे ते.