वाचक विचारतात : ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवरचं पान, शिक्का आणि गावाचं नाव

प्रश्न : दुकानात अर्ध्या लिटरच्या दोन एक्स्ट्रा व्हर्जिन बाटल्या शेजारी होत्या. एकीवर इटलीचा झेंडा, दुसरीवर ग्रीसमधल्या ‘सितिया’चं नाव आणि तांबडा-पिवळा गोल शिक्का. दुसरी जवळपास दुप्पट महाग. हे पैसे नावाचेच ना? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : नावाचेच, पण त्या नावामागे कायदा आहे. झेंड्यामागे काहीच नसू शकतं.

तांबडा-पिवळा शिक्का म्हणजे युरोपियन युनियनचं ‘पीडीओ’, संरक्षित उगमनाम. सितिया हा क्रीट बेटाच्या पूर्वेकडचा भाग. तिथे मुख्यतः कोरोनेइकी जातीची झाडं आहेत. शिक्का हवा असेल तर फळ तिथलंच लागतं आणि ते तिथल्याच गिरणीत गाळावं लागतं. निळा-पिवळा शिक्का (पीजीआय) त्यापेक्षा सैल आहे. त्यात उत्पादनाचा किमान एक टप्पा त्या भागात झाला तरी चालतो.

झेंड्याच्या बाटलीचं मागचं लेबल बघा. इटली स्वतः पिकवते त्याहून जास्त तेल खाते आणि निर्यातही करते. त्यामुळे स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाचं तेल आणून तिथे बाटल्या भरल्या जातात. यात बेकायदा काही नाही. मात्र जुलै 2009 पासून व्हर्जिन आणि एक्स्ट्रा व्हर्जिन तेलावर उगम छापणं युरोपात सक्तीचं आहे. म्हणून बारीक अक्षरात कुठेतरी ‘युरोपियन युनियनमधल्या ऑलिव्ह तेलांचं मिश्रण’ किंवा ‘युनियनमधल्या आणि बाहेरच्या तेलांचं मिश्रण’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ सापडते. ‘बॉटल्ड इन इटली’ एवढ्यावरून फक्त बाटली कुठे भरली ते कळतं. आपल्याकडच्या आयातदाराचा स्टिकर कधी कधी नेमका या ओळीवर चिकटवलेला असतो. तसं असेल तर दुसरी बाटली उचला.

आणि दुप्पट पैसे मोजण्याआधी तारीख बघा. तिकडे तोडणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत होते. ‘बेस्ट बिफोर’ बहुधा बाटली भरल्यापासून दीड-दोन वर्षांची असते, तोडणीपासूनची नव्हे. त्याआधी तेल टाकीत किती महिने होतं ते त्यावरून कळत नाही. तोडणीचा हंगाम छापलेला असेल, तर बाटलीतलं सगळं तेल त्याच हंगामाचं असावं लागतं. मागच्या हंगामाचं साधं मिश्रण आणि तीन हंगामांपूर्वीचं नामवंत सितिया यांत आम्ही मिश्रण घेऊ. शिक्का जागेची हमी देतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ती बाटली किती दिवस उभी होती, ते शिक्क्याला माहीत नसतं.

प्रश्न : हिरवं पान असलेलं सेंद्रिय ऑलिव्ह तेल चवीला आणि तब्येतीला जास्त चांगलं असतं का? – वाचक, पुणे

उत्तर : पानाचा संबंध शेतीच्या पद्धतीशी आहे, तेलाच्या दर्जाशी नाही. दर्जा ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ या शब्दांत असतो : मुक्त आम्लता जास्तीत जास्त 0.8 टक्के, आणि प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या चमूला एकही दोष न सापडणं. सेंद्रिय आणि बिगरसेंद्रिय दोन्ही तेलांना हीच कसोटी आहे.

ताऱ्यांनी रेखाटलेलं ते पान 2010 पासून युरोपातल्या पॅकबंद सेंद्रिय मालावर सक्तीचं आहे. बागेला आधी तीन वर्षं संक्रमणकाळ पाळावा लागतो. पानाजवळ तपासणी संस्थेचा संकेतांक असतो, उदाहरणार्थ इटलीतल्या संस्थेचा ‘आयटी-बीआयओ-’ आणि पुढे आकडा. त्याच ठिकाणी ‘ईयू ॲग्रिकल्चर’ किंवा ‘नॉन-ईयू ॲग्रिकल्चर’ लिहिलेलं असतं. संकेतांक नसेल तर त्या पानाला अर्थ नाही. भारतात सेंद्रिय अन्नाचे नियम 2017 चे आहेत आणि आपलं चिन्ह ‘जैविक भारत’.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा गैरसमज मात्र सोडा. बुरशीनाशक म्हणून तांबं चालतं, पण हेक्टरी सात वर्षांत 28 किलोच्या आत. ऑलिव्हची फळमाशी ही खरी डोकेदुखी. माशी फळात अंडी घालते, अळी गर पोखरते, भोकातून बुरशी शिरते आणि आम्लता चढते. सेंद्रिय बागायतदाराकडे सापळे, केओलिन मातीचा लेप आणि लवकर तोडणी असे मोजके उपाय असतात. माशीचं वर्ष वाईट गेलं आणि तोडणी लांबली, तर पान असूनही तेल सुमार निघतं.

पान बघून चव चांगली वाटते, हेही होतंच. घरी पडताळून बघा. तीन सारखे छोटे पेले घ्या. दोनांत एक तेल, तिसऱ्यात दुसरं, प्रत्येकी एक मोठा चमचा (15 मिली). रंगाने फसू नये म्हणून पेल्यांना कागद गुंडाळा. व्यावसायिक चाखणीचे पेले त्याच कारणाने गडद निळे असतात. वर बशी ठेवून पेला तळहातात मिनिटभर कोमट करा, हुंगा, मग घोट घ्या. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं. मधे सफरचंदाची फोड खा आणि पेल्यांची जागा दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. असं तीनदा करा. नुसत्या अंदाजाने तिन्ही वेळा बरोबर यायची शक्यता 27 त 1. ओळखता आलं नाही, तर जास्तीचे पैसे चवीसाठी जात नाहीत. जमिनीसाठी, मधमाश्यांसाठी द्यायचे असतील तर खुशाल द्या, तेही कारण चांगलंच आहे.

चाखताना कडवटपणा आणि घशातली ठसक हे गुण समजा. खवट (जुन्या शेंगदाण्यासारखा), कुबट आणि आंबूस वास हे दोष.

प्रश्न : इथल्या जर्मन मैत्रिणी आधी ‘बिओ’ (सेंद्रिय) शोधतात. इटालियन शेजारीण पानाकडे बघतही नाही, तिला फक्त दक्षिण इटलीतल्या पुलियाचं तेल हवं. असं का? – वाचक, म्युनिक

उत्तर : जर्मनीत ऑलिव्हच्या बागा जवळपास नाहीतच. तिथल्या ग्राहकाला गिरणीवाला माहीत नसतो, म्हणून तो ओळखीच्या शिक्क्यावर विसंबतो. इटली, स्पेन, ग्रीसमधल्या पाहण्यांमध्ये मात्र उगमाचं वजन सेंद्रिय शिक्क्यापेक्षा बहुधा जास्त भरतं. तिथली कितीतरी घरं नातेवाइकांकडून किंवा गिरणीतून पाच लिटरचा पत्र्याचा डबा आणतात, आणि त्यावर लेबलच नसतं. देवगडच्या माणसाला हापूसच्या पेटीवर शिक्का लागत नाही, तसंच हे.

शेजारीणबाईंच्या हिशेबात एक चूक असू शकते. ‘आपल्याकडचं’ म्हणजे ‘बिनफवारणीचं’ असं लोक मनातल्या मनात जोडून टाकतात. तसा काही नियम नाही. पाहण्यांतलं ‘जास्त पैसे देईन’ हे उत्तरही जपूनच घ्यावं, कारण गल्ल्यावर पाकीट उघडताना हात आखडतो.

प्रश्न : पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो. घ्यावा का? – वाचक, नागपूर

उत्तर : दिवसाला दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली धरले, तर पाच लिटर साडेपाच महिने पुरतं. उघडलेलं तेल साधारण दीड-दोन महिन्यांत संपवावं. नागपूरच्या मे महिन्यात त्याहून लवकर. अर्ध्या लिटरची गडद बाटली 16-17 दिवसांत संपते, ती बरी. शेगडीशेजारी ठेवू नका. आणि फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे शुद्ध, ही परीक्षा खोटी आहे.

प्रश्न : आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा तेलावर ‘स्थानिक’ आणि ‘सेंद्रिय’ लिहिलं तर चालेल? – वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ‘सेंद्रिय’ हा शब्द जपून वापरा. एनपीओपी (त्रयस्थ संस्थेची तपासणी) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकरी गटांनी एकमेकांची केलेली तपासणी) यांपैकी एक प्रमाणीकरण लागतं. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान मूळ उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणीकरणातून सूट आहे. पण ‘जैविक भारत’ चिन्ह लावता येत नाही. ही सूट पिकवणाऱ्याला आहे. शेंग बाजारातून विकत घेऊन गाळत असाल तर तिच्यावर विसंबू नका.

‘स्थानिक’पेक्षा नेमकं लिहा : शेंग कोणत्या तालुक्यातली, कोणत्या हंगामाची, घाण्यावर कोणत्या तारखेला गाळली, कितवा घाणा. सितियाच्या बाटलीकडून उचलायचं ते हेच. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांकही छापा.