पेलोतों, दोमेस्तीक आणि आपला गडी

फोंड्याहून प्रश्न आला आहे: ‘गावच्या सायकल शर्यतीचं माइकवरून मराठीत समालोचन करायचंय. टीव्हीवर पेलोटॉन, डोमेस्टिक, ड्राफ्टिंग असं बरंच काही कानावर पडतं. पेलोटॉनला घोळका म्हणू का? आणि डोमेस्टिक म्हणजे घरगुती सायकलपटू का?’

घरगुती असतात ती लोणची-पापड. तिकडे वळूच नका. हा शब्द फ्रेंच आहे, उच्चार दोमेस्तीक, अर्थ नोकर. ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी १९११ साली मोरिस ब्रोको या सायकलपटूला तो शिवीसारखा हाणला. पैसे घेऊन दुसऱ्याला मदत करतो, असा ब्रोकोवर संशय होता. पुढे शिवीची धार गेली आणि तेच कामाचं नाव झालं. दोमेस्तीकने मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, आपल्या संघाच्या म्होरक्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. स्वतः जिंकायचं नाही. याला ‘पाठीराखा’ म्हणावं, तर हा बिचारा चालतो पुढे!

माझं मत ‘गडी’ला. घरकामाचा गडी आणि कबड्डीतला गडी, दोन्ही अर्थ आपल्याकडे एकाच शब्दात नांदतात, आणि दोमेस्तीकमध्येही नेमकं तेच आहे: चाकरी आणि खेळ. ‘म्होरक्यासाठी दोन गडी वारा खातायत’ असं माइकवर म्हटलंत तर कुणाला समजावत बसावं लागणार नाही. (डिचोलीकडच्या श्रोत्यांना साळ गावच्या गडे उत्सवातले गडे आठवतील, आठवू देत.)

पेलोटॉन, म्हणजे फ्रेंच पेलोतों, हा शर्यतीत एकत्र जाणारा सायकलस्वारांचा मुख्य जमाव. त्याचं मूळ दोऱ्याच्या गुंडीत आहे. सैन्यातली पलटणीची तुकडी, प्लॅटून, ही त्याच घरातली. आपल्याकडच्या पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या मंडळींना ‘पेलोतांव’ ओळखीचा असेल. तुकडी आणि सायकलस्वारांचा जमाव, दोहोंना तिथे हाच शब्द. मराठीत मात्र ‘घोळका’ नको. घोळका अपघाताभोवती जमतो आणि उभाच राहतो. झुंड अंगावर येते. वाट कापत एकत्र जातो तो तांडा. ‘तांड्यातून तिघे सुटले’ म्हटलं की ब्रेकअवेचंही (म्हणजे पुढे निसटण्याचंही) काम परस्पर झालं.

ड्राफ्टिंगला हात लावू नका, रुळलेला शब्द आहे. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वाऱ्याचा मारा कमी होतो आणि पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. फक्त एक खुलासा माइकवर जरूर करा. मिरामारला २०१९ पासून होणाऱ्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या पोहणं-सायकल-धावणं अशा शर्यतीत ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते, आणि तिथे ड्राफ्टिंगला दंड आहे. ती बघितलेले लोक तुमच्या शर्यतीत ‘लबाडी, लबाडी’ म्हणून ओरडतील. रस्त्यावरच्या शर्यतीत तोच डावपेच असतो. जो दुसऱ्याच्या मागे बसून राहतो, वाऱ्याला एकदाही तोंड देत नाही आणि शेवटच्या दोनशे मीटरांत मुसंडी मारतो, त्याला मात्र बेलाशक ‘आयतोबा’ म्हणा.

चढावर सगळ्यांत सरस ठरणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ ही पदवी मुंबई-पुणे शर्यतीने केव्हाच मराठी करून दिली आहे. पोटातलं इंधन संपून पाय एकाएकी थंड पडतात, त्याला इंग्रजीत बाँक म्हणतात. आपलं ‘गळपटला’ पुरे.

फसगत होते ती ‘लाँतेर्न रूज’ची. शब्दशः लाल कंदील, रेल्वेच्या शेवटच्या डब्याचा. म्हणून एकूण क्रमवारीत शेवटचा येणारा. बेल्जियमच्या विम वान्सेवेनांतने २००६ ते २००८ अशी सलग तीन वर्षं ‘टूर’मध्ये हा मान राखला. पण तुम्ही ‘अमक्याला लाल दिवा मिळाला’ म्हणालात, तर श्रोत्यांना तो मंत्री झाल्यासारखं वाटेल. ‘शेवटचा डबा’ म्हणा.

आणि या डब्याच्याही मागून, थकलेल्यांना उचलत येणारी गाडी म्हणजे झाडूगाडी. फ्रेंचमध्ये आणि पोर्तुगीजमध्येही अर्थ हाच. तिकडे या गाडीला खराखुरा झाडू बांधत. तुमच्या टेम्पोलाही एक बांधून टाका.