गिटार प्रीॲम्प हेडफोनवर मस्त वाजतो पण कार्यक्रमात पीएला (मांडवातल्या मोठ्या स्पीकरना) लावला की चिरचिरतो, स्पीकर सिम्युलेशन आणि डिले-रिव्हर्बचं सेटिंग काय ठेवू?

आधी एक बघा, मेन आउटचं कॅब सिम, म्हणजे तेच स्पीकर सिम्युलेशन, चालू आहे का? हेडफोनचं नाही विचारत, मेन आउटचं. प्रीॲम्पच्या बऱ्याच डब्यांत दोन्हीची सेटिंग वेगवेगळी असतात, आणि याच भानगडीत माझी भर मांडवात अब्रू गेलीये म्हणून एवढं लिहितोय.

गणपतीतला ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम, मी आठवडाभर रात्री हेडफोन लावून पॅच बनवलेले, आणि पहिल्या रांगेत माझा मेहुणा. हा माणूस जुन्या काचेच्या नळ्यांच्या वाल्व्ह ॲम्पवाला, डिजिटल म्हणजे प्लास्टिक, खेळणं, असं लग्नाच्या बैठकीपासून ऐकवतोय. पहिल्याच सोलोला डिस्टॉर्शन दाबलं आणि मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवल्यासारखा आवाज आला. पुढे बसलेल्या एका आजींनी पदर कानावर घेतला, मी डोळ्यांनी बघितलंय. मेहुणा हसत होता. गाणं संपल्यावर साउंडवाला दादा स्टेजवर आला, वाकून डब्याच्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, आउटपुट कॉम्बोवर ठेवलाय तुम्ही." घरी छोट्या कॉम्बोला (ॲम्प आणि गिटार स्पीकर एकाच पेटीत) लावायचो म्हणून मेन आउटचं कॅब मीच बंद केलेलं, हेडफोनला चालूच, त्यामुळे आठवडाभर पत्ताच नाही! दादानी बदलून दिलं, दुसरा सोलो मलईसारखा आला. पण तोपर्यंत मेहुणा मागे वडापाव खायला गेलेला, त्याच्या डोक्यात पहिलाच आवाज कायमचा बसला.

कारण सोपंय. गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळपास मान टाकतो, त्याला ट्वीटरच नसतो. डिस्टॉर्शनमधली वरची सगळी घाण तिथेच गाळली जाते. पीएचा हॉर्न मात्र इमानदारीत सगळं वाजवतो.

कॅब चालू असूनही चिरचिर असेल तर हाय कट (याच्या वरचं कापतो) ६ किलोहर्ट्झच्या आसपास आणा आणि लो कट (याच्या खालचं कापतो) ८० ते १०० हर्ट्झ ठेवा. खालची ई तार ८२ हर्ट्झला वाजते, त्याखालची गुरगुर बास आणि ढोलकीसाठी सोडून द्या. कॅब सिममध्ये माइकची जागा निवडता येत असेल तर स्पीकरच्या पडद्याच्या मधोमध ठेवू नका, थोडा कडेला सरकवा, आवाज लगेच गोल होतो. आणि हेडफोनवर पॅच फायनल करूच नका राव. कमी आवाजात कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मनसननी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय, म्हणून रात्री आपण दोन्ही वाढवून बसतो आणि मांडवात तेच अंगावर येतं.

रिव्हर्ब हेडफोनवर जेवढा बरा वाटतो त्याच्या निम्मा, हॉल असेल तर जवळपास बंदच, हॉल स्वतःचा रिव्हर्ब फुकट देतो. डिलेचा हिशोब, ६०,००० भागिले टेम्पो (मिनिटाला किती ठोके). १२० ला ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थ, म्हणजे पाऊण ठोका, हवा तर ३७५. गेन घरच्यापेक्षा कमी. डावी-उजवीकडे उड्या मारणाऱ्या पिंगपाँग डिलेचा हट्ट सोडा, साउंडवाला बहुतेक एकच वायर घेतो.

आता मेहुण्याचा विषय संपवतो. मागच्या दिवाळीत त्याच्याच ॲम्पसमोर माइक लावून एक तुकडा रेकॉर्ड केला, तोच तुकडा माझ्या डब्यातून, चांगला आयआर (खऱ्या स्पीकर कॅबच्या आवाजाचा डिजिटल ठसा) लोड करून. आवाजाची पातळी सारखी केली, कारण जरा मोठं वाजतं ते नेहमीच भारी वाटतं, आणि डोळे मिटून ऐकवलं. "हा बघ वाल्व्हचा जीव," म्हणून त्यानी बोट दाखवलं ते माझ्या डब्याकडे. आता म्हणतो माइक नीट लावला नव्हतास. बरं.

हां, एक राहिलं, हे सगळं पीए किंवा साउंडकार्डसाठी आहे. खऱ्या गिटार कॅबला किंवा कॉम्बोला लावत असाल तर कॅब सिम बंदच ठेवा, नाहीतर आवाज गोधडीतून आल्यासारखा येईल. आणि बोटांना स्टेजवर जी हवा लागते ती वाल्व्ह ॲम्पचीच, हे मला मान्य आहे, फक्त त्याच्यासमोर नाही. बावीस किलोचा आहे तो ॲम्प, आणि जिना चढवायला दरवेळी मलाच फोन येतो.